‘सिस्टीम नाही म्हणतेय’

आमच्या ओळखीच्या एका गिरणीवाल्यांनी नवी चक्की घ्यायला बँकेकडे कर्ज मागितलं. गिरणी वीस वर्षांची, हप्ता कधी चुकलेला नाही. बँकेतल्या मुलाने मॉनिटरच त्यांच्याकडे वळवला. लाल अक्षरांत ‘रिजेक्टेड’.

‘‘का हो?’’

‘‘काका, सिस्टीम नाही म्हणतेय.’’

यापुढचं त्यालाही ठाऊक नव्हतं.

पूर्वी नकार देणारा मॅनेजर निदान समोर बसलेला असायचा, त्याच्याशी हुज्जत घालता यायची. आता हजारो जुन्या कर्जांच्या नोंदींवर शिकलेलं मॉडेल खात्यातली उलाढाल, जीएसटीची विवरणपत्रं, फेडलेले हप्ते बघून अर्जदाराला गुण देतं. काम झटपट होतं. साहेबांच्या मर्जीपेक्षा हे बरं, असंही कुणी म्हणेल. पण एखाद्या वस्तीला आजवर कर्जच मिळालं नसेल, तर मॉडेल तिच्याबद्दल शिकणार काय? जात-धर्माचा रकाना काढून टाकला तरी पिनकोड राहतोच, आणि आपल्याकडे पिनकोड बरंच काही बोलतो.

रिझर्व्ह बँकेने आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा वित्त क्षेत्रातल्या एआयच्या वापरावरचा अहवाल ऑगस्ट २०२५ मध्ये आला. त्यात सात सूत्रं आणि २६ शिफारशी आहेत. एआयचं धोरण संचालक मंडळाने मंजूर केलेलं असावं, निर्णय उलगडून सांगता यावा, आणि चुकलं तर उत्तर वापरणाऱ्या संस्थेने द्यावं. बंधनापेक्षा नवनिर्मितीला झुकतं माप देणारं एक सूत्र मात्र मला खटकतं. मोठ्या बँकांकडे तज्ज्ञांची फौज असते. आपल्या गावोगावच्या नागरी सहकारी बँका हे सॉफ्टवेअर बाहेरून तयार घेणार. आत काय चाललंय, हे विकणाऱ्याने सांगितलं तरच त्यांना कळणार.

खरं तर नव्या नियमाची वाट पाहायचीही गरज नाही. कर्ज नाकारलं तर मुख्य कारणं लेखी कळवा, असं रिझर्व्ह बँकेने २००३ मध्येच छोट्या कर्जांसाठी बँकांना बजावलं होतं. २००७ मध्ये ते सगळ्याच कर्जांना लागू झालं. नकार माणसाचा असेल तरच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही.

काकांनी परवा लेखी कारण मागणारा अर्ज दिला. तुमच्यावर ही वेळ आली तर तुम्हीही द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.