एकच नाणे, तीन निकाल

गेल्या दिवाळीत नेरूळला आमच्या शेजारच्या निवृत्त गुरुजींनी लक्ष्मीपूजनाच्या तबकातला एक चांदीचा रुपया आम्हाला दाखवला. एका बाजूला सहाव्या जॉर्जचे मस्तक, दुसऱ्या बाजूला १९४५ हे साल. नातवाने त्यांना सांगितले होते, की असे नाणे प्रतवारीसाठी अमेरिकेला पाठवावे आणि प्रत कमी आली तर पुन्हा पाठवावे. एका अंकाने प्रत वाढली तरी किंमत कितीतरी वाढते. गुरुजींनी विचारले, “नाणे तेच, मग प्रत कशी वाढेल?” प्रश्न नाण्याचा वाटला तरी तो मोजमापाचा आहे. म्हणूनच उत्तरपत्रिका तपासणाऱ्या प्रत्येकाने त्याचा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

नाण्यांची प्रत १ ते ७० या अंकांत सांगण्याची पद्धत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या सेंट नाण्यांसाठी सुचवली. पुढे १९८६ मध्ये पीसीजीएस आणि १९८७ मध्ये एनजीसी या संस्था तेथे निघाल्या. त्यांचे परीक्षक नाणे पाहून अंक ठरवतात आणि ते प्लॅस्टिकच्या डबीत चिठ्ठीसह बंद करून परत देतात. ६० व त्यावरील अंक न वापरलेल्या नाण्यांचे. त्यांतला फरक बारीक ओरखडे, चकाकी आणि ठशाचा उठाव यांवर ठरतो, आणि तो शेवटी माणसाची नजर ठरवते. ६४ आणि ६५ यांच्यामध्ये निसर्गाने रेघ मारलेली नाही. सीमेवरचे नाणे आज ६४ ठरेल, महिन्याने ६५.

येथेच धंद्याला वाव मिळतो. मालक डबी फोडून नाणे नव्याने पाठवतो किंवा डबीसकट फेरतपासणी मागतो. डबीसकट तपासणीत प्रत वाढली तर वाढते, नाहीतर आहे तीच राहते.

हा व्यवहार लुडोच्या फाशाने समजून घेऊ. समजा, नाणे खरोखर ६४ चे आहे. फाशावर ६ पडले तर परीक्षक चुकून ६५ देतो, १ पडला तर ६३, एरवी ६४. चुका दोन्ही बाजूंना सारख्याच आहेत. सरासरी ६४ च येते. पण मालक सरासरी घेत नाही. ६ पडेपर्यंत तो फासा टाकतो आणि मग थांबतो. तीन वेळांत एकदाही ६ न पडण्याची संभाव्यता ५/६ × ५/६ × ५/६, म्हणजे १२५/२१६. म्हणून निदान एकदा ६ पडण्याची संभाव्यता ९१/२१६, सुमारे ४२ टक्के. सहा वेळा टाकल्यास ती ६६ टक्क्यांवर जाते. नाण्यात मात्र काडीचाही बदल झालेला नाही.

आता पैसे. शुल्क व टपाल मिळून दर खेपेस ३,००० रुपये आणि ६४ व ६५ यांच्या किमतींत २०,००० रुपयांचा फरक धरू. एका खेपेचा सरासरी लाभ २०,००० चा सहावा भाग, म्हणजे ३,३३३ रुपये. धंदा जेमतेम फायद्याचा. फरक १०,००० असेल तर लाभ १,६६७ आणि खर्च ३,०००, धंदा तोट्याचा. म्हणून जेथे एका अंकाने किंमत उडी घेते, अशाच नाण्यांवर हा खेळ चालतो. गुरुजींच्या रुपयासारख्या साध्या नाण्यावर नाही.

हा फायदा येतो कोठून? खरेदीदाराच्या खिशातून. समजा, बाजारात खऱ्या ६४ ची १०० नाणी आहेत आणि खऱ्या ६५ ची १०. पहिल्या शंभरांना तीन-तीन संधी दिल्या, तर त्यांतली सुमारे ४२ नाणी ६५ ची चिठ्ठी मिळवतील. दहाही खऱ्या नाण्यांना ती मिळाली असे धरले तरी ५२ चिठ्ठ्यांमागे खरी नाणी १०, पाचांत जेमतेम एक. शिवाय डबी फोडल्यावर जुनी चिठ्ठी परत गेली नाही, तर संस्थेच्या नोंदवहीत एकच नाणे दोनदा मोजले जाते. पुन्हा पाठवणारा प्रत्येक जण लबाड असतो असे नाही. ज्याला पहिल्या खेपेस चुकून कमी प्रत मिळाली, त्याला न्यायही मिळतो. पण चिठ्ठीवरून हे दोघे वेगळे ओळखता येत नाहीत.

उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीलाही हेच लागू पडते. बेरजेची चूक दुरुस्त करणे योग्यच. तेथे खरे उत्तर एकच असते. पण निबंधाचे गुण पुन्हा ठरवताना वाढलेले तेवढे ठेवले आणि कमी झालेले सोडून दिले, तर कोणी अधिक न शिकताही अर्जदारांची सरासरी वाढेल. आणि अर्जाचे शुल्क ज्याला परवडत नाही तो मागे राहील. प्रयोगशाळेत आम्ही सर्व वाचने लिहितो आणि सरासरी काढतो. सोयीचे वाचन तेवढे ठेवणे हा तेथे दोष मानला जातो.

गुरुजींना आम्ही दोन गोष्टी सांगितल्या. घरातला राणीछाप रुपया परदेशी पाठवू नये. शंभर वर्षांपूर्वीचे नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता वा पाठवता येत नाही. दुसरे, पूजेआधी नाणे चिंचेने किंवा रांगोळीने घासू नये. घासलेल्या नाण्याला या संस्था बहुधा अंकच देत नाहीत, आणि तो तोटा कितीही खेपा केल्या तरी भरून निघत नाही.

वर्गात हा प्रयोग जरूर करावा. तीस विद्यार्थ्यांना प्रत्येकी तीनदा फासा टाकू द्यावा; बारा-तेरा जणांना ‘६५’ मिळेल. मग त्यांना विचारावे, तुमचे नाणे इतरांपेक्षा चांगले होते का? ते हसतील. तेव्हा सांगावे, की कोणताही अंक समोर आला की त्यामागे किती वेळा प्रयत्न झाला तेही विचारावे. डबीवरच्या चिठ्ठीत नेमके तेवढेच लिहिलेले नसते.