आठवीनंतरचा जून

शाळेची वाट : लेखांक ११

आज पुसदच्या कोषटवार दौलतखान विद्यालयावर लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढं ढकलतो. कारण दिग्रसकडच्या एका निवृत्त गुरुजींचं पत्र आलं आणि त्यातला एक प्रश्न काही केल्या बाजूला ठेवता येईना. ते विचारतात, "अनुदानित शाळेत दहावीपर्यंत फी नाही. मुलींना तर १९८५-८६ पासून बारावीपर्यंत माफ आहे. मग आमच्या तांड्यावरची पोरं आठवीनंतर जातात कुठं?"

गुरुजी, हा प्रश्न मलाही फार जवळचा आहे. हायस्कूल सगळ्यांचं आहे की काहींचंच, याचा निकाल लोक दहावीच्या गुणपत्रिकेत शोधतात. माझ्या मते तो त्याच्या दोन वर्षं आधीच लागलेला असतो, आठवीचा वर्ग सुटतो त्या उन्हाळ्यात.

आठवीपर्यंत काय काय मिळतं ते एकदा मांडून बघा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यानं सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला हक्क दिला. दुपारची खिचडी आठवीपर्यंत. बालभारतीची पुस्तकं फुकट, तीही आठवीपर्यंत. जिल्हा परिषदेच्या शाळेत गणवेश, तोही आठवीपर्यंतच. मूल नववीत गेलं की यातलं काहीच सोबत येत नाही. पुस्तकांचा संच विकत घ्यायचा, वह्या घ्यायच्या, गणवेश शिवायचा, दुपारचा डबा घरून न्यायचा. फी माफच असते, पण फीपेक्षा हा बाकीचा खर्चच मोठा असतो. तो दर वर्षी थोडा थोडा वाढत गेला असता तर घराला सवय झाली असती. तसं होत नाही. तो एकाच जूनमध्ये सगळा मिळून दारात उभा राहतो.

आणि हा जून कुठला? बाकी महाराष्ट्रात शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. आपल्याकडं विदर्भात ऊन उतरायची वाट बघत महिनाअखेर होते. नेमका तोच पेरणीचा पंधरवडा. घरात असतील नसतील ते पैसे सोयाबीनच्या बियाण्यात, सरकीच्या पाकिटांत आणि खताच्या पोत्यांत गेलेले असतात. उरलेलं कृषी केंद्राच्या वहीत उधारीवर. अशा आठवड्यात पोरगा म्हणतो, नववीची पुस्तकं पाहिजेत. बाप काही शिक्षणाचा शत्रू नसतो. तो एवढंच म्हणतो, "थांब ना बाप्पा, पह्यले पेरनं होऊ दे." पेरणी होते, डवरणी सुरू होते, घरातले दोन जास्तीचे हात कामाला येतात. मग पोळा येतो. तोवर वर्गात दोन घटक चाचण्यांचा अभ्यास होऊन गेलेला असतो आणि मुलालाच आत पाऊल टाकायची लाज वाटू लागते. शाळा सोडायचा निर्णय कुणी घेतलेलाच नसतो. ती आपोआप सुटते.

यात आपल्या राज्याच्या रचनेचाही हात आहे. आपल्याकडची हायस्कुलं जुन्या घडीची. कुणाचा वर्ग पाचवीपासून, कुणाचा आठवीपासून, आणि शेवट दहावीला. गावची प्राथमिक शाळा चौथीला किंवा सातवीला संपायची. कायद्यानं नवी मांडणी आणली : पाचवीपर्यंत प्राथमिक, आठवीपर्यंत उच्च प्राथमिक. त्यामुळं कितीतरी जिल्हा परिषद शाळांना आठवीचा वर्ग जोडला गेला. हेतू चांगला होता, लेकरू आणखी एक वर्ष घराजवळ राहील. पण माझं निरीक्षण असं की जे मूल पाचवीत किंवा आठवीतच हायस्कुलात आलेलं असतं, ते नववीत फारसा गाजावाजा न होता सरकतं. इमारत तीच, मित्र तेच, फक्त खोली बदलते. गावच्या आठवीतून येणाऱ्याला मात्र दाखला काढावा लागतो. दाखला काढायला कुणातरी मोठ्या माणसाला शाळेत जावं लागतं, पुसदला येऊन तो दुसऱ्या शाळेत द्यावा लागतो, आणि मोठं माणूस तर पेरणीत. दाखला जुन्या शाळेच्या कपाटातच राहिला, की मूल कुठल्याच शाळेचं राहत नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून पुण्या-मुंबईकडचे मित्र हसतात. एप्रिल-मे महिन्यात, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, आपल्या भागातल्या हायस्कुलांचे सर लोक मोटारसायकली काढून तांड्या-तांड्यांवर फिरतात. आठवी पास झालेल्या पोरांची नावं लिहून घेतात, बापाच्या हातापाया पडतात, दाखला स्वतः काढून आणतात. कुठं पुस्तकांचा जुना संच देऊ करतात, कुठं ऑटोचं भाडं. हे निव्वळ सेवाभावातून चालतं असं समजू नका. पटसंख्या घसरली तर तुकडी तुटते, संचमान्यतेत पद कमी होतं आणि सर अतिरिक्त ठरतात. नोकरीची भीती त्यांना उन्हात फिरवते. पण मला त्याचं वाईट वाटत नाही. शिक्षकाची गरज आणि पोराची गरज एका रस्त्यावर आली तर येऊ द्यावी. कोणत्याही परिपत्रकापेक्षा या फेऱ्यांनी जास्त मुलं नववीत बसवली आहेत.

अडचण पुढं आहे. हा सगळा हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो. त्या तारखेला हजेरीपटावर किती नावं आहेत यावर पदं ठरतात. म्हणजे जून ते सप्टेंबर मुलाच्या मागं सगळे असतात. आणि आपल्या भागातलं मूल गळायचा खरा मोसम कोणता? दसऱ्यानंतरचा! सीतादहीची पूजा होऊन कापसाची वेचणी लागते. त्याच सुमारास पुसद, महागाव, उमरखेडच्या तांड्यांवरून ऊसतोडीच्या गाड्या निघतात. मुकादमाची उचल पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. ती फेडायला नवरा-बायकोचा कोयता कारखान्यावर जातो, तो परततो उन्हाळ्याच्या तोंडाशी. पंधरा वर्षांचा मुलगा आता अर्धा कोयता मोजला जातो. चौदाची मुलगी कोपीवर धाकट्यांना सांभाळते, स्वयंपाक करते. ३० सप्टेंबरला दोघंही पटावर हजर होती. सरकारच्या कागदावर ती शाळेत आहेत.

हे शासनाला ठाऊक नाही असं नाही. लहान मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सोय आहे. मूल ज्या गावी जाईल तिथल्या शाळेनं त्याला सामावून घ्यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. पण यातली बरीचशी धडपड पुन्हा चौदा वर्षांच्या रेषेपाशी येऊन थांबते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहांची योजना आली, ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं, प्रत्येक तालुक्यात मुलांचं एक आणि मुलींचं एक. तिचा भर मराठवाडा आणि नगर-नाशिकच्या पट्ट्यावर. आपल्याकडच्या कोयत्याची मोजणी अजून नीट कुणाच्या डोळ्यांत भरलेली नाही.

इथं माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईकांची आठवण निघणारच. पुसदवर लिहायचं आणि त्यांची गहुली टाळायची हे जमत नाही. १ जुलै १९१३ चा त्यांचा जन्म. प्राथमिक शाळेसाठी आजूबाजूच्या गावांना पायपीट, हायस्कुलासाठी थेट अमरावती, मग नागपूरचं नील सिटी हायस्कूल, मॉरिस कॉलेज, १९४० मध्ये वकिलीची पदवी. भाषणांत ही गोष्ट जिद्दीचा नमुना म्हणून सांगतात, आणि ती आहेच. मला त्यातली दुसरी बाजू दिसते. वडील फुलसिंग नाईक हे तांड्याचे नाईक, म्हणजे प्रमुख, होते. मुलाला परगावी ठेवण्याची ऐपत त्या घरात होती. त्याच तांड्यावरच्या बाकी हुशार पोरांचं काय झालं, ते कुणी लिहून ठेवलं नाही. सगळ्यांसाठी हायस्कूल म्हणजे काय, तर ज्याचा बाप नाईक नाही त्यालाही तेवढंच अंतर तोडता यावं.

अंतराचं म्हणाल, तर एसटीनं बरंच केलं आहे. विद्यार्थ्याच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे आणि अहिल्यादेवी होळकर योजनेत ग्रामीण मुलींचा प्रवास फुकट आहे. सकाळी पुसद आगारात उभं राहा, निम्मी गाडी दप्तरांनी भरलेली दिसेल. मात्र एसटी फाट्यापर्यंत येते, तांड्यापर्यंत येत नाही. फाट्यापासूनच्या दोन-तीन किलोमीटरवर मुलीची शाळा सुटते, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा शेवटची गाडी अंधारात पोचते.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडं येतो. आठवीत एक परीक्षा असते, एनएमएमएस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या हुशार मुलांसाठीची ही केंद्राची शिष्यवृत्ती. आठवीनंतरची गळती थांबावी याच हेतूनं ती काढलेली आहे, म्हणजे गुरुजींच्या प्रश्नाचं सरकारनं दिलेलं थेट उत्तर. पात्र ठरलेल्या मुलाला नववी ते बारावी दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, अनुसूचित जाती-जमातींना त्यात सूट. मॅट म्हणजे बौद्धिक क्षमता आणि सॅट म्हणजे शालेय विषय, प्रत्येकी ९० प्रश्न, ९० मिनिटं. महाराष्ट्राचा कोटा ११,६८२. मूल शासकीय, स्थानिक संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतलं हवं, आणि राहण्या-जेवणाची सोय असलेल्या निवासी शाळेतलं नको.

बारा हजारांत नववीची पुस्तकं, गणवेश आणि पास निघून वर काही उरतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घरातला सूर बदलतो. पोरगं शिकून पैसे आणतंय म्हटल्यावर आजीसुद्धा त्याला वेचणीला पाठवत नाही. पण मॅटची आकृतीची कोडी पाठ्यपुस्तकात नसतात, ती सरावानंच येतात. ज्या शाळेत एखादा शिक्षक दिवाळीच्या सुट्टीत जादा तास घेतो, तिथली पोरं यादीत लागतात. ज्या शाळेत कुणी फॉर्मच भरून देत नाही, तिथली तितकीच हुशार पोरं कोऱ्या पाटीनं घरी राहतात. एखाद्या शाळेचं समतेवरचं प्रेम तपासायचं असेल तर भिंतीवरचे सुविचार वाचू नका. आठवीच्या वर्गात किती होते आणि एनएमएमएसला किती बसले, एवढं विचारा.

नववीत पोचलेल्यांचंही सगळं सुरळीत नसतं. आठवीपर्यंत मूल वरच्या वर्गात जात राहिलेलं असतं. (२०२३-२४ पासून पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आली, पण तो वेगळा विषय.) नापासाचा शिक्का त्याला खऱ्या अर्थानं पहिल्यांदा नववीत दिसतो. यात बऱ्याच ठिकाणी एक चलाखी असते. दहावीच्या निकालाची टक्केवारी वर्तमानपत्रात येते, नववीची येत नाही. म्हणून कच्चं मूल नववीत अडवलं की दहावीचा निकाल चकचकीत राहतो. शासनानं नववीच्या नापासांसाठी जूनमध्ये फेरपरीक्षा ठेवली ती यासाठीच. तरी अडवलेल्या मुलांपैकी बरीचशी त्या फेरपरीक्षेला येतच नाहीत. मग दोन-तीन वर्षांनी कुणीतरी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देतं. त्या फॉर्मचा मला आदर आहे, त्यानं कितीतरी संसार सावरले. पण शाळेनं आपलं काम त्या फॉर्मवर ढकलू नये.

तर गुरुजी, पोरं जातात कुठं याचं माझं उत्तर असं : ती आधी पेरणीत जातात, मग वेचणीत, मग कोयत्यावर, आणि कागदावर शाळेतच राहतात. उपाय तुमच्या-माझ्या आवाक्यातले आहेत. परिसरातल्या प्रत्येक आठवीची यादी एप्रिलमध्येच हायस्कुलाच्या हाती असावी. दाखला मुलाच्या हाती न देता शाळेनं शाळेला पोचवावा. दहावी झालेल्यांचे पुस्तकसंच आणि नववीतून वर गेलेल्यांचे, दोन्ही मे महिन्यात जमा करून जूनमध्ये वाटावेत. आणि पटाची मोजणी ३० सप्टेंबरला करायची तर करा, पण दुसरी एक १५ जानेवारीलाही करा आणि पदं त्या दोन्हींवर ठरवा. मग सर लोकांच्या मोटारसायकली हिवाळ्यातही तांड्यावर दिसतील, अशी माझी खात्री आहे.

एका बाकावर बसलेली आंध, बंजारा, बौद्ध आणि मुस्लिम अशी चार मुलं आणि त्यांच्यासाठीची चार वेगवेगळी खाती, हा गुरुजींच्या पत्रातला दुसरा मुद्दा. त्याला एक अख्खा लेखांक लागेल. तो कोषटवार दौलतखान विद्यालयानंतर. तोवर ज्यांच्याकडं आपापल्या गावच्या आठवीची यंदाची यादी असेल, त्यांनी किती मुलं नववीत पोचली तो आकडा तेवढा कळवावा. शाळेचं नाव छापणार नाही.