घानाचा गोलवीर आणि कच्च्या मालाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्याला कच्चा माल बाहेर धाडण्याचे दुःख नवे नाही. ब्रिटिश अमदानीत यवतमाळहून मूर्तिजापूरकडे अरुंद रुळांवरून ‘शकुंतला’ धावू लागली, ती माणसांच्या सोयीपेक्षा कापसाच्या गाठींच्या सोयीसाठी. कापूस इथला, कापड मँचेस्टरचे, आणि नफा अर्थातच कापडवाल्याचा. पश्चिम आफ्रिकेतील घाना या देशाची कहाणी फारशी निराळी नाही. तेथे कापसाच्या जागी कोको आहे एवढेच. जगातील निम्म्याहून अधिक कोको घाना आणि शेजारचा आयव्हरी कोस्ट हे दोन देश पिकवीत आले. चॉकलेटचे कारखाने मात्र युरोपात. महाराष्ट्राने १९७२ साली कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू केली. घानात सरकारी कोको मंडळाची स्थापना त्याच्या पाव शतक आधी, १९४७ मध्येच झाली होती.

या देशाने गेल्या तीन-चार दशकांत आणखी एका मालाची निर्यात वाढविली आहे. तो माल म्हणजे फुटबॉलपटू. माणसाला माल म्हणणे कानाला खटकते खरे. परंतु ज्या बाजारात त्याची खरेदी-विक्री होते तो बाजार हीच भाषा बोलतो.

महाराष्ट्राला या निर्यातीचा परिचय युसुफ याकुबू या घानाच्या खेळाडूने करून दिला. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून खेळताना त्याने २००१-०२ आणि २००२-०३ अशा लागोपाठ दोन हंगामांत राष्ट्रीय फुटबॉल लीगमध्ये सर्वाधिक गोल केले. पहिल्या हंगामात १८, दुसऱ्यात २१. त्यापूर्वी १९९८-९९ मध्ये हाच मान फिलिप मेन्सा या त्याच्याच देशबांधवाने, त्याच क्लबकडून खेळताना मिळविला होता. पुढे याकुबू मुंबईच्या महिंद्र युनायटेडमध्ये आला. ब्राझीलचा बॅरेटो सोबतीला आणि डेरिक परेरा प्रशिक्षक, अशा या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. क्रिकेटखेरीज दुसरा खेळ न ओळखणाऱ्या मुंबईने त्या विजयाची किती दखल घेतली, हा प्रश्न न विचारलेलाच बरा.

अशा खेळाडूचे आर्थिक आयुष्य किती नाजूक असते, हे त्याच्या संघाच्या इतिहासातूनच कळते. कंपनीच्या छत्राखाली १९६२ पासून चालत आलेला हा संघ २०१० साली बंद करण्यात आला. तो दिवाळखोरीत निघाला नव्हता की मैदानावर निष्प्रभ ठरला नव्हता. कंपनीने आपले लक्ष शालेय फुटबॉलकडे वळविण्याचे ठरविले, इतकेच. याकुबू त्याआधीच कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडे गेला होता. नंतर तो मुंबई एफसीकडून खेळला. तो क्लबही २०१७ नंतर उरला नाही. गिरणी बंद पडली तर कामगाराला निदान कायद्याचे दार ठोठावता येते. हंगामी करारावर परदेशात आलेल्या खेळाडूजवळ उरतात ते पाय, आणि पस्तिशी उलटली की तेही फारसे उपयोगी पडत नाहीत. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळुरूत फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात डेम्पोचा ब्राझिली खेळाडू क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना झालेल्या टकरीनंतर मैदानावरच गतप्राण झाला. या धंद्यातील जोखमीचे याहून भेदक उदाहरण देता येणार नाही.

तथापि एका बाबतीत फुटबॉलच्या बाजाराने कापसाच्या बाजारावर मात केली आहे, आणि अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थबकून पाहावे अशी ती गोष्ट आहे. जागतिक संघटना ‘फिफा’ने २००१ मध्ये असा नियम केला की, करार चालू असताना खेळाडू शुल्क देऊन परदेशी क्लबात गेला, तर त्या शुल्कातील पाच टक्के रक्कम त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षापर्यंत घडविणाऱ्या क्लबांत वाटावी. बारा ते पंधरा या वयातील प्रत्येक वर्षाला या रकमेचा विसावा हिस्सा, तर पुढील प्रत्येक वर्षाला दहावा. घानाच्या लिबर्टी प्रोफेशनल्समधून फ्रान्सला गेलेला मायकेल एसियन २००५ मध्ये चेल्सीने सुमारे २ कोटी ४४ लाख पौंडांना घेतला. त्याचे पाच टक्के म्हणजे १२ लाख पौंडांहून अधिक होतात. फ्रेंच क्लबांचा वाटा वगळला तरी आक्रातील एका छोट्या क्लबाच्या दृष्टीने उरलेली रक्कम लहान नव्हे. मँचेस्टरच्या कोणत्या कापड व्यापाऱ्याने दर गाठीमागे असा वाटा केळापूर वा घाटंजीच्या शेतकऱ्याकडे परत पाठविला होता?

अर्थात नियमाला भगदाडेही आहेत. कराराची मुदत संपलेला खेळाडू मोकळा असतो. त्याच्यासाठी शुल्क द्यावे लागत नाही, आणि शुल्कच नाही तर पाच टक्के कशाचे? एसियनसारख्या मूठभरांच्या प्रवासातून मायदेशी पैसा परततो. मधल्या फळीतील खेळाडू करार संपवून एका देशातून दुसऱ्या देशात जातात, त्यांच्यामागे असा ओघ क्वचितच येतो. घानातील काही मंडळींनी यावर स्वतःचा उपाय काढला. १९९९ मध्ये स्थापन झालेल्या ‘राइट टू ड्रीम’ या प्रबोधिनीने पुढे डेन्मार्कमधील नॉर्शेलँड हा क्लबच ताब्यात घेतला. मोहम्मद कुदुस हा तिचा विद्यार्थी त्याच वाटेने २०१८ मध्ये युरोपात पोहोचला आणि २०२० मध्ये आयाक्सने त्याला विकत घेतले. आपल्या शब्दांत सांगायचे, तर कापूस पिकविणाऱ्यांनी सूतगिरणीच विकत घेतल्यासारखे झाले. विदर्भातील सहकारी सूतगिरण्यांचे काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या तुलनेतील वेदना समजावून सांगण्याची गरज नाही.

यवतमाळच्या पोरांशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. या जिल्ह्याने आकाश चिकटे याच्यासारखा हॉकीचा गोलरक्षक देशाला दिला. २०१६ चा आशियाई चॅम्पियन्स करंडक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. तेव्हा येथे गुणवत्ता नाही, असे म्हणता येणार नाही. उणीव आहे ती नोंदीची. फुटबॉलमधील पाच टक्क्यांचा हिशेब आता २०२२ पासून फिफाच्या स्वतंत्र यंत्रणेमार्फत, खेळाडूच्या नोंदणीच्या इतिहासावरून केला जातो. पुसद किंवा वणीच्या मैदानावर बाराव्या वर्षी चेंडू खेळू लागलेला मुलगा संलग्न क्लबात नोंदलेला नसेल, तर उद्या तो कितीही मोठ्या रकमेला विकला गेला तरी त्याला घडविणाऱ्या व्यायामशिक्षकाच्या मंडळाचे नाव त्या हिशेबात येणार नाही. क्लबाची संलग्नता आणि मुलाची नोंदणी ही दोन्ही कामे जिल्ह्यातच व्हावयाची आहेत, आणि तीही मुलगा सोळा वर्षांचा होऊन पुण्या-मुंबईच्या गाडीत बसण्यापूर्वी.