कलमें घेण्यापूर्वीं मातृवृक्षाची परीक्षा

संत्र्याचीं पानें पिवळीं पडलीं कीं बागाइतदार जस्ताची फवारणी करितो. जस्ताच्या उणिवेनें पान पिवळें पडतें हें खरें. परंतु ग्रीनिंग नांवाच्या जीवाणुरोगानेंही तें पिवळें पडतें, आणि या रोगास अद्याप खात्रीचा उपाय नाहीं. सबब हा भेद ओळखण्यावर बागेचें आयुष्य अवलंबून आहे.

उणिवेंत मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंचा पिवळेपणा सारखा असतो. ग्रीनिंगमध्यें तो विषम व डागाळ असतो. परंतु रोग शिरल्यावरही झाड कित्येक महिने निरोगी दिसतें. तेथें नुसती नजर पुरी पडत नाहीं.

पुष्कळसे जीवाणू प्रयोगशाळेंत काचेच्या बशींत वाढवून ओळखतां येतात. हा जीवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांत राहतो व बशींत नेहमींच्या रीतीनें वाढत नाहीं. म्हणून बशी रिकामी राहिली तरी झाड निर्दोष ठरत नाहीं. त्याचें लिबरिबॅक्टर हें नांवही १९९४ सालीं जनुकद्रव्यावरूनच ठरलें. नांवापूर्वीं ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, असें लिहितात. ती जणूं कच्ची नोंद होय.

या ठिकाणीं पीसीआर ही परीक्षा उपयोगीं पडते. ती १९८३ सालीं अमेरिकेंत केरी मुलिस यांनीं शोधिली. पानाच्या शिरेंतून जनुकद्रव्य काढून तें आळीपाळीनें तापवितात व निववितात. प्रत्येक फेरींत जीवाणूच्या ठराविक तुकड्याची दुप्पट होते; हिशेबानें ३० फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी होतात. जीवाणू नसेल तर तो तुकडा वाढत नाहीं. मात्र हा जीवाणू सर्व फांद्यांत सारखा पसरत नाहीं. यास्तव चारी बाजूंचीं जून पानें पाठवावीं. एका पानाच्या निकालावर विसंबूं नये.

फ्लोरिडांत हा रोग २००५ सालीं आढळला. तेथें २००३-०४ च्या हंगामांत संत्र्यांच्या २४ कोटींवर पेट्या निघाल्या होत्या. २०२३-२४ मध्यें दोन कोटीही भरल्या नाहींत. वादळांनींही नुकसान केलें, पण मुख्य कारण हा रोगच होय.

विदर्भांतही हा रोग आहे. सिला नांवाची कीड तो पसरविते. तसाच तो रोगट झाडाच्या डोळ्यांतून कलमांत उतरतो. एका मातृवृक्षाचे डोळे शेंकडों खुंटांवर चढतात. नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेंत तपासलेल्या झाडांपासून रोगमुक्त कलमें तयार करितात. आमची सभासदांस विनंति कीं, मातृवृक्ष तपासल्याचा दाखला पाहिल्याशिवाय रोपवाटिकेंतून कलम उचलूं नये. आणि ज्यांच्या स्वतःच्या रोपवाटिका आहेत त्यांनीं परीक्षेचा खर्च वर्गणीनें वांटून घ्यावा. संबंध बाग उपटण्यापेक्षां तो खचितच स्वस्त पडेल.