बी.एस्सी. (आयटी) : सहा सत्रांचा विषयक्रम

रचना : मुंबई विद्यापीठाच्या माहिती तंत्रज्ञान पदवीचा जो अभ्यासक्रम २०१६-१७ पासून वर्षागणिक अंमलात आला, त्यात तीन वर्षांच्या मुदतीची सहा सत्रे आणि दर सत्रास पाच विषय अशी तरतूद होती, प्रवेशासाठी बारावीला गणित हा विषय असणे आवश्यक मानले गेले.

प्रथम वर्ष : प्रोग्रामिंग, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स यांच्या पंगतीत डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सचाही समावेश असल्यामुळे, ज्या विद्यार्थ्याने संगणकाचा केवळ पडदाच पाहिलेला असे, तो प्रयोगशाळेत ७४०८ क्रमांकाची चौदा पायांची आयसी ब्रेडबोर्डवर बसवत असे आणि दोन्ही इनपुटना ५ व्होल्ट मिळाल्याखेरीज एलईडी पेटत नाही, हा तर्कशास्त्राचा नियम प्रत्यक्ष डोळ्यांनी पडताळून पाहत असे.

द्वितीय वर्ष : पायथन, डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर नेटवर्क्स, डेटाबेस, कोअर जावा आणि सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग. पैकी डेटाबेसची बैठक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल सिद्धान्तावर असून, एकच माहिती अनेक तक्त्यांत विखुरल्याने दप्तरात जी विसंगती माजते, तिचे निवारण करणारे नॉर्मलायझेशन हा त्यातील परीक्षेस हमखास येणारा भाग होता.

तृतीय वर्ष : इंटरनेट ऑफ थिंग्ज, संगणकीय सुरक्षा, बिझनेस इंटेलिजन्स, सॉफ्टवेअरची गुणवत्ता-तपासणी, शिवाय वैकल्पिक विषयांत सायबर कायदे, आणि या साऱ्या विद्येची कसोटी पाहणारा प्रकल्प.

गुण : लेखी विषयास १००, पैकी ७५ सत्रान्त परीक्षेचे, २५ अंतर्गत मूल्यमापनाचे.