लघुउद्योगासाठी प्रोग्रॅमेबल नियंत्रकाची निवड : बीड जिल्ह्यातील जिनिंगच्या संदर्भात

बीड जिल्ह्यातील उद्योगधंद्यांचा विचार करू लागले म्हणजे शेतीशी असलेला त्यांचा निकटचा संबंध प्रथम ध्यानात येतो. परळी वैजनाथ येथील औष्णिक विद्युत् केंद्र हा एक मोठा अपवाद होय. एरवी ऊस आणि साखर, कापूस आणि जिनिंग-प्रेसिंग अशा जोड्यांनीच येथील कारखानदारीचे स्वरूप ठरलेले आहे. २००० साली केंद्र शासनाने सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानामुळे जिनिंग कारखान्यांच्या आधुनिकीकरणास देशभर चालना मिळाली. डोक्यावरच्या टोपल्यांनी कापूस वाहण्याऐवजी वाहक पट्टे, हाताने भरण करण्याऐवजी स्वयंभरक, आणि या सर्वांचा मेळ राखणारा प्रोग्रॅमेबल नियंत्रक अशी रचना मोठ्या कारखान्यांत रूढ झाली. कारखान्यात याच नियंत्रकाला सर्रास पीएलसी म्हणतात. पाच-सहा जिनांच्या लहान कारखान्याला मात्र हा मार्ग कितपत परवडेल, आणि परवडायचा तर निवड कोणत्या कसोटीवर करावी, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होईल. ‘स्वस्त’ नियंत्रक म्हणजे ज्याची विक्रीची किंमत कमी तो नव्हे. ज्याच्यामुळे हंगामात कारखाना कमीत कमी तास बंद राहतो, आणि बंद पडलाच तर जवळपासच्या माणसाला तो पुन्हा चालू करता येतो, तो नियंत्रक स्वस्त होय. याचे कारण साध्या हिशेबाने कळते. सहा डबल रोलर जिनांचा एक कारखाना उदाहरणादाखल घेऊ. प्रत्येक जिन ताशी ५० किलोग्रॅम रुई देते असे धरल्यास सोळा तासांच्या दिवसात ४,८०० किलोग्रॅम, म्हणजे १७० किलोग्रॅमच्या सुमारे २८ गाठी होतात. कापसात रुईचे प्रमाण साधारण एक-तृतीयांश असते. तेव्हा एक दिवस काम थांबले म्हणजे सुमारे १४० क्विंटल कापूस अंगणात पडून राहतो. त्याला आगीचे व अवकाळी पावसाचे भय असते, आणि माल घेऊन दारात उभा राहिलेला शेतकरी खोळंबतो ते वेगळेच. नियंत्रकाच्या खरेदीत वाचवलेली रक्कम अशा दोन-तीन दिवसांत सहज नाहीशी होऊ शकते.

या यंत्राचा जन्मही कारखाना बंद राहण्याच्या अडचणीतूनच झाला. मोटारीचा नमुना बदलला की रिलेंनी भरलेल्या पेट्यांची तारजोडणी पुन्हा नव्याने करावी लागे. त्यात वेळ फार जाई. म्हणून १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने रिलेपेटीला पर्याय मागितला. बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेतील रिचर्ड मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले ‘मॉडिकॉन ०८४’ हे यंत्र १९६९ साली पुढे आले. त्याची आज्ञावली रिलेच्या आकृतीसारखीच शिडीच्या रूपात लिहिता येत असे. त्यामुळे विजेचे काम जाणणाऱ्या कारागिराला संगणकशास्त्र न शिकताही ती वाचता येऊ लागली. निवडीच्या प्रश्नात हा मुद्दा आजही मोलाचा आहे.

नियंत्रकाचे कार्य तीन पायऱ्यांत चालते. प्रथम तो सर्व आदाने, म्हणजे बटणे, सेन्सर व संपर्क यांच्या अवस्था वाचतो; नंतर आज्ञावलीप्रमाणे निर्णय घेतो; शेवटी काँटॅक्टर, दिवे, भोंगा इत्यादी प्रदानांना आज्ञा देतो. हे आवर्तन काही मिलिसेकंदांत पुरे होऊन अखंड चालू राहते. जिनिंगमधील घटना याहून पुष्कळ मंद असतात. मिनिटाला ६० फेरे घेणाऱ्या अक्षावरील सेन्सर सेकंदाला एक स्पंद देतो, आणि भरणपेटी रिकामी व्हावयास त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून जाहिरातीत ठळकपणे छापलेल्या वेगासाठी अधिक पैसे मोजणे या कामात व्यर्थ होय.

आता कामाची तपशीलवार यादी करू. नियंत्रक निवडण्याची खरी सुरुवात विक्रेत्याच्या सूचीपासून न करता या यादीपासून करावयास हवी. जिनिंगमध्ये यंत्रे सुरू करण्याचा क्रम मालाच्या प्रवाहाच्या उलट असतो. प्रथम रुई ओढणारा पंखा व सरकी वाहणारा स्क्रू, मग एकामागून एक जिना, त्यानंतर स्वयंभरक, आणि सर्वांत शेवटी कापसाचा पट्टा. बंद करताना क्रम उलटतो. सरकीचा स्क्रू अडला असताना जिना चालू राहिल्या तर सरकी तुंबते, घर्षण वाढते आणि आगीचा धोका उत्पन्न होतो. हे परस्परबंधन सांभाळणे हेच नियंत्रकाचे प्रमुख कर्तव्य होय.

आपल्या उदाहरणातील प्रत्येक जिनेसाठी चार आदाने धरू : मोटर चालू असल्याची खूण, ओव्हरलोड, भरणपेटी भरल्याची सूचना आणि मोटरचा प्रवाह वाढल्याची सूचना. सहा जिनांची ही २४ झाली. पट्ट्यासाठी तीन, सरकीच्या स्क्रूसाठी तीन, पंख्यासाठी दोन, आपत्कालीन थांब्याची अवस्था दर्शविणारे एक, फेज गेल्याची खूण देणारे एक आणि चालकाच्या बटणांची चार मिळून एकूण ३८ आदाने होतात. प्रदानांची गणना अशी : जिनांचे काँटॅक्टर सहा, स्वयंभरक सहा, पट्टा, पंखा व स्क्रू मिळून तीन, भोंगा एक आणि दिवे तीन, एकूण १९.

येथे विचारपूर्वक काटकसर करता येते. मोटर सुरू करण्याची आज्ञा देऊन एका सेकंदात ‘चालू’ ही खूण परत आली नाही, तर काही बिघाड आहे हे नियंत्रकाला आपोआप कळते. मग नऊ मोटरांच्या ओव्हरलोडसाठी वेगळी आदाने ठेवण्याची निकड उरत नाही, आणि ३८ ची संख्या २९ वर येते. बिघाड ओव्हरलोडचा की काँटॅक्टरच्या कॉइलचा, हे पडद्यावर कळणार नाही. परंतु ओव्हरलोड रिलेची कळ पेटीत डोळ्यांना दिसतेच. सुमारे २० टक्के राखीव जागा धरून ३५ आदाने व २३ प्रदाने लागतात. विस्तारखंड बहुधा आठच्या पटीत मिळत असल्याने प्रत्यक्षात ४० व २४ असा संच घ्यावा लागेल.

असाच दुसरा प्रश्न मोटरचा प्रवाह मोजण्याचा आहे. स्वयंभरकाची गती जिनेवरील भारानुसार बदलावी हे तत्त्वतः उत्तम. त्यासाठी प्रवाहाचे ४ ते २० मिलिअँपिअरच्या संकेतात रूपांतर करून तो अखंडमूल्य आदानाला द्यावा लागतो. किमान मूल्य शून्य न ठेवता चार ठेवण्यात तार तुटल्यास ते तत्काळ उमगावे हा हेतू असतो. परंतु सहा अखंडमूल्य आदानांचा खर्च बराच होतो. लहान कारखान्यात प्रवाह ठराविक मर्यादेबाहेर गेला की संपर्क जोडणारा साधा करंट रिले पुरेसा ठरतो. भार वाढला की भरक थांबवावा, उतरला की चालू करावा. वरील गणनेतील चौथे आदान याचसाठी धरले आहे.

मात्र या चालू-बंद पद्धतीमुळे प्रदानाच्या प्रकाराकडे बारकाईने पाहावे लागते. भरक दर वीस सेकंदांनी एकदा चालू-बंद होत असेल, तर तासात १८०, सोळा तासांत २,८८० आणि शंभर दिवसांच्या हंगामात २,८८,००० क्रिया होतात. नियंत्रकातील अंगभूत लहान रिलेचे आयुष्य पूर्ण निर्धारित भारावर सुमारे एक लाख क्रियांचे असते. भार हलका असेल तर ते पुष्कळ वाढते. पण उत्पादकाचे कोष्टक पाहिल्याशिवाय तसे गृहीत धरू नये. शिवाय अंगभूत रिले निकामी झाला म्हणजे संपूर्ण खंड काढून दुरुस्तीस पाठवावा लागतो. म्हणून भरकांसाठी ट्रान्झिस्टर प्रदान घेऊन त्यापुढे खाचेत बसणारा सुटा रिले लावावा. तो झिजला तर चालकालाही दोन मिनिटांत बदलता येतो. काँटॅक्टरच्या कॉइलवर दाबलाट शमविणारा घटक बसविण्यास विसरू नये. त्याची किंमत क्षुल्लक असते, उपयोग मोठा असतो.

परिस्थितीचा विचार निवडीत बहुधा शेवटी केला जातो. तो आधी व्हावयास हवा. हंगाम लांबून एप्रिल उजाडला आणि शेडमधील तापमान ४० अंशांवर गेले, तर बंद पेटीच्या आत आणखी १५ अंशांची वाढ सहज होते. पुष्कळ नियंत्रकांची मर्यादा ५५ अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपण नेमके काठावर येऊन पोहोचतो. पेटीला झरोके व पंखा ठेवावा, तर कापसाची तूस आत शिरते. यावर उपाय म्हणजे पेटी गरजेपेक्षा मोठी, पूर्ण बंद आणि शक्यतो जिनघराबाहेरच्या खोलीत ठेवणे. ग्रामीण वाहिनीवर दाब वर-खाली होतो आणि एखादी फेज जाण्याचे प्रसंग येतात. यासाठी रुंद पल्ल्याचा वीजपुरवठा-खंड, फेज-रक्षक रिले आणि विजेच्या कडकडाटापासून रक्षण करणारे साधन, ही तीन अंगे नियंत्रकाच्या किमतीतच धरली पाहिजेत.

हंगामी कारखान्याची आणखी एक अडचण सहसा कोणी ध्यानात घेत नाही. जिनिंग वर्षातून सहा-सात महिने बंद असते. ज्या जुन्या बनावटीच्या नियंत्रकांत आज्ञावली बॅटरीच्या आधारावर टिकते, त्यांची बॅटरी या काळात उतरली तर दिवाळीनंतर यंत्र सुरू करताना आज्ञावली पुसली गेलेली आढळते. जुन्या बाजारातून अल्प किमतीत मिळणारे नियंत्रक पुष्कळदा याच जातीचे असतात. फ्लॅश स्मृतीत आज्ञावली राखणारा नियंत्रकच अशा कारखान्यास योग्य होय.

आता बाजारातील पर्यायांकडे वळू. सर्वांत लहान म्हणजे स्मार्ट रिले. १९९६ साली सीमेन्स कंपनीने आणलेला ‘लोगो’ हा या वर्गाचा परिचित नमुना. त्याच्या मूळ खंडात साधारण आठ आदाने व चार प्रदाने असतात. एखादा पंप, एखादा पट्टा किंवा दूधशीतकरणाचे लहान यंत्र यांसाठी तो उत्तम. आपल्या ४० आदानांच्या कामास तो अपुरा पडतो. दुसरा वर्ग विस्तारक्षम लहान नियंत्रकांचा. आपल्या कामासाठी हाच वर्ग योग्य होय, आणि त्यात परदेशी तसेच भारतीय बनावटीची उत्पादने उपलब्ध आहेत. तिसरा पर्याय विद्यार्थ्यांना विशेष मोह घालणारा आहे. २००५ साली इटलीतील इव्हरिया येथे जन्मलेल्या ‘आर्डुइनो’सारख्या सूक्ष्मनियंत्रक पट्ट्यांची किंमत अत्यल्प असते, आणि प्रयोगशाळेत त्यांचे मोल निःसंशय आहे. परंतु त्यांचे संकेत पाच व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाचे असतात. काँटॅक्टरांच्या सान्निध्यात ते टिकवायचे तर विद्युत् अलगीकरण, दाबलाटांपासून रक्षण, २४ व्होल्टची आदाने, पक्की जोडखिळी हे सर्व आपणच रचावे लागते. हे सर्व केल्यावर किमतीतील अंतर फारसे उरत नाही. उरतो तो केवळ त्या रचनेच्या कर्त्यावर अवलंबून राहण्याचा धोका. कर्ता शिक्षण संपवून पुण्यास नोकरीला गेला म्हणजे ते यंत्र मुके होते.

हाच धोका आज्ञावलीच्या मालकीसंबंधी संभवतो. आंतरराष्ट्रीय विद्युत्तंत्र आयोगाने १९९३ साली ६११३१-३ या मानकाने नियंत्रकांच्या पाच भाषा निश्चित केल्या. त्यामुळे शिकण्याचे श्रम कमी झाले; परंतु एका बनावटीची आज्ञावली दुसऱ्या बनावटीत जशीच्या तशी चालेल असे मात्र नाही. कंत्राटदाराने ती परवलीच्या शब्दाने बंद करून ठेवली, तर मालकाला एक कालमापकही बदलता येत नाही. म्हणून खरेदीच्या करारातच चार अटी असाव्यात : टिपणांसह मूळ आज्ञावली मालकास मिळावी, परवलीचा शब्द लेखी द्यावा, आज्ञावली लिहिण्याचे साधन विनामूल्य अथवा एकदाच्या किमतीत मिळावे, आणि तारजोडणीची आकृती पेटीच्या दारात लावलेली असावी. सुटा भाग छत्रपती संभाजीनगरच्या बाजारात त्याच दिवशी मिळतो की मुंबईहून मागवावा लागतो, हेही खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे.

दोन बाबतींत मात्र काटकसरीला मुळीच वाव नाही. पहिली म्हणजे आपत्कालीन थांबा. जिनेच्या रोलरजवळ माणसाचा हात जाऊ शकतो. म्हणून लाल बटण दाबताच काँटॅक्टरांचा पुरवठा तारेनेच थेट तुटला पाहिजे. नियंत्रकाला त्याची केवळ वर्दी मिळावी. थांबविण्याचा निर्णय आज्ञावलीच्या हाती नसावा. दुसरी म्हणजे हातचालनाची सोय. नियंत्रक बिघडला तरी प्रत्येक मोटर निवडक स्विचने हाताने सुरू करता यावी. पट्टा, स्क्रू व पंखा यांचे मूलभूत परस्परबंधन मात्र काँटॅक्टरांच्या साहाय्यक संपर्कांतून कायम राहावे. असे केल्यास नियंत्रक दुरुस्तीस गेला तरी कारखाना मंद गतीने का होईना, चालू राहतो. आणि महागडा राखीव नियंत्रक बाळगण्याची गरज पुष्कळ अंशी टळते.

सारांश, निवडीचा क्रम असा असावा : प्रथम कामाची यादी, मग बिंदूंची गणना, नंतर प्रदानांचा प्रकार, त्यानंतर उष्णता, तूस व वीज यांची कसोटी, पुढे आज्ञावलीची मालकी व दुरुस्तीची सोय, आणि सर्वांत शेवटी किंमत. पहिल्या पाच कसोट्यांना उतरलेल्या नियंत्रकांतून सर्वांत कमी किमतीचा नियंत्रक निःशंकपणे घ्यावा.

आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना या विषयात करण्याजोगे पुष्कळ काम आहे. एखाद्या जिनिंग कारखान्यात संपूर्ण हंगामभर प्रत्येक थांब्याचे कारण, वेळ व कालावधी यांची नोंद ठेवली, तर वरील गणनेतील गृहीतकांच्या जागी प्रत्यक्ष आकडे येतील. त्यांवरून कोणती आदाने अनावश्यक आणि कोणती अपरिहार्य, हे निश्चित ठरविता येईल. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत; एक वही, एक घड्याळ आणि हंगामभराचा चिकाटीचा अभ्यास एवढ्याने काम भागते.