साखळी-करवत घेतांना

३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळानें श्रीवर्धनकडील आमच्या वाडींतील दोन आंबे व एक फणस आडवे पाडले. आंब्यांचें जळण करावयाचें म्हणून आम्हीं साखळी-करवत घेतली. दुकानदारानें २० इंची पात्याची पुढें केली, आणि आम्ही भुललों. अर्ध्या तासांत हात भरून येत. एके दिवशीं पात्याचें टोंक मागील फांदीस लागलें व करवत चिरंजिवांच्या तोंडाकडे उसळली. मनगट पुढच्या आडपट्टीस लागून साखळीचा ब्रेक लागला, म्हणून निभावलें. त्या रात्रीं घरांत कोणी धड जेवलें नाहीं.

टोंकाच्या वरच्या बाजूस दांते अडले, कीं साखळीचा सारा जोर करवतीसच उलट फेंकतो. सबब, वाचकहो, घेण्यापूर्वीं हा ब्रेक स्वतः लावून व सोडून पाहावा. ज्या करवतीस तो नसेल ती फुकट मिळाली तरी घेऊं नये. जळणास १४ ते १६ इंची पातें आणि ३५ ते ४५ सी.सी.चें इंजिन पुरतें. ढलप्यांऐवजीं पिठासारखा भुसा पडूं लागला, म्हणजे साखळी बोथट झाली असें समजून गोल कानस फिरवावी. जोर लावूं नये.

इमारती लांकडाची गोष्ट निराळी. ओंडक्याच्या लांब फळ्या काढण्यास अधिक ताकदीचें इंजिन व निराळ्या कोनाची धार लागते. एका फणसासाठीं तो खटाटोप आम्हांस परवडेना. ओंडका लांकडाच्या गिरणींत पाठविला, आणि मोठी करवत दुकानदारास परत केली. त्यानें निम्मेच पैसे दिले.